शेवटचें कोणीं पाहिलें?

आजचा माझा विषय जेवणाच्या पानावर ऐकण्याजोगा नाहीं, हें प्रथमच सांगून टाकतों. परंतु ज्या घरांत रोज सकाळीं वर्तमानपत्र येतें त्या घराला खुनाची बातमी कांहीं नवी नसते. त्या बातमींत 'मृत्यु मध्यरात्रीच्या सुमारास झाला असावा' अशा तऱ्हेचें एक वाक्य बहुधा असतें. आपण तें वाचतों आणि पुढें जातों. तें वाक्य कशावरून लिहिलें जातें आणि त्यावर किती भार घालावा, एवढाच माझा प्रश्न आहे. मी डॉक्टर नव्हे, वकीलही नव्हे. मॅट्रिक झाल्यावर शिक्षकाची सनद घेतली आणि पुढचीं चौतीस वर्षें मुलांना गणित व भूगोल शिकविण्यांत घालविलीं. आतां भाईंदरला खाडीच्या बाजूस निवृत्त होऊन बसलों आहें. प्रेताची परीक्षा हा माझा धंदा नाहीं. पण पंच म्हणून एकदां एका प्रेताजवळ उभें राहाण्याचा प्रसंग आला, आणि त्या दिवशीं माझ्या हातून जी चूक झाली ती आपल्यापुढें मांडावी, यासाठींच हें निमंत्रण मीं स्वीकारलें.

या विषयाचा पहिला खडा मात्र माझ्या मनांत त्याच्याही पुष्कळ आधीं पडला होता. १९८५ सालीं मी नुकताच नोकरीस लागलों होतों व सायनच्या बाजूस एका नातलगाच्या बिऱ्हाडीं राहात होतों. त्या सालापासून पुढें दोन वर्षें सायन व किंग्ज सर्कल या भागांत पदपथावर एकटीं झोपणारीं माणसें रात्रीं मारलीं जाऊं लागलीं. मारणारा निजलेल्याच्या डोक्यांत मोठा धोंडा घाली. कांहीं धोंडे तीस किलोंपर्यंत वजनाचे होते. असे सुमारें बारा खून झाले. सहावा खून होईपर्यंत हें सारें एकाच हाताचें काम असावें, हें कोणाच्या ध्यानांत आलें नाहीं. हॉटेलांतला एक वेटर वांचला, पण अंधारामुळें त्याला मारणाऱ्याचें तोंड दिसलें नव्हतें. १९८७ मध्यें हे खून थांबले. १९८९ सालीं कलकत्त्यास त्याच तऱ्हेचे खून झाले आणि तेथल्या वर्तमानपत्रांनीं मारेकऱ्याला 'स्टोनमॅन' हें नांव दिलें. तो हाच माणूस कीं दुसरा, हें कधींच कळलें नाहीं. दोन्ही शहरांत कोणावरही गुन्हा शाबीत झाला नाहीं.

त्या दिवसांत आमच्या बिऱ्हाडीं रात्रीच्या जेवणाला एकच चर्चा असे. हा किती वाजतां मारीत असेल? माझे नातलग रेल्वेंत होते. ते म्हणत, 'शेवटची गाडी गेल्यावर.' खालचा दूधवाला म्हणे, 'छे! पहिली गाडी सुटावयाच्या आधीं.' प्रश्न वाटतो तितका रिकामटेकडा नव्हता. त्या बारा रात्रींपैकीं प्रत्येक रात्रीची वेळ तासाभराच्या आंत ठरविता आली असती, तर तो माणूस रात्रपाळीवरून परतणारा कीं पहांटे कामावर निघणारा, एवढें तरी अनुमान निघालें असतें. आणि ज्याच्यावर संशय आला तो त्या घटकेस दुसरीकडे कोठें होता कीं नव्हता, हेंही पडताळतां आलें असतें. सारी फौजदारी चौकशी अखेर या एका खुंटीला टांगलेली असते. 'त्या वेळीं मी तेथें नव्हतोंच' असें आरोपी म्हणतो. पण 'ती वेळ' कोणती, हें आधीं कोणीं तरी सांगितलें पाहिजे ना?

रहस्यकथांत हें काम फार सोपें असतें. बाबूराव अर्नाळकरांचीं पुस्तकें आम्हीं बाकाखालीं धरून वाचलेलीं आहेत. त्या वाचनाचा एक परिणाम असा झाला कीं, हुशार माणसानें प्रेताकडे एक नजर टाकावी आणि 'दोन वाजून दहा मिनिटें' असें सांगून मोकळें व्हावें, अशी माझी पुष्कळ वर्षें समजूत होती. वर्गांत एखाद्या मुलानें असें उत्तर लिहिलें असतें, तर 'रीत दाखव' असा शेरा मीं लाल शाईनें समासांत मारला असता. ती रीत काय आहे, हें मला पुढें माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यानें समजावून दिलें. तो आज डॉक्टर आहे आणि शवविच्छेदनाचें काम करतो. त्याचें पहिलेंच वाक्य असें होतें : 'सर, प्रेताच्या अंगांत घड्याळ नसतें. चार-पांच मेणबत्त्या असतात, आणि प्रत्येक मेणबत्ती वेगळ्या वाऱ्यांत जळत असते.'

पहिली मेणबत्ती ऊब. जिवंत माणसाचें अंग सुमारें ३७ अंश सेल्सियस असतें. मरणानंतर तें हळूहळू भोंवतालच्या हवेइतकें थंड होतें. जुन्या पुस्तकांत ढोबळ नियम दिलेला असतो, कीं तासाला फॅरनहाइटचा सुमारें दीड अंश उतरतो. परंतु हा नियम थंड देशांतल्या खोल्यांत जन्मलेला आहे. भूगोलाच्या मास्तराला यांतली अडचण तेव्हांच दिसावी. चहाचा पेला माथेरानला थंडींत बाहेर ठेवला तर पाहतां पाहतां निवतो. चुलीच्या कडेला ठेवला तर अर्ध्या तासानेंही ऊनच असतो. खोली १५ अंशांवर असेल तर प्रेताला उतरावयास २२ अंशांचा जिना आहे. वैशाखांतल्या दुपारीं आमच्या खाडीकांठीं हवा ३३-३४ अंशांवर असते. म्हणजे उतरावयास अवघ्या तीन-चार पायऱ्या! त्या तीन-चार पायऱ्यांवरून गेलेले तास मोजावयाचे. वरच्या मजल्यावरची स्लॅब तापलेली असेल आणि खिडक्या बंद असतील, तर प्रेत थंडच होणार नाहीं. जर्मनींतले क्लाउस हेन्सगे यांनीं देहाचें वजन, अंगावरचे कपडे व हवेचें तपमान हिशेबांत धरून एक आलेख बसविला. तो जगभर वापरला जातो. तोही, सारें कांहीं अनुकूल असतां, २.८ तास इकडे किंवा २.८ तास तिकडे असेंच उत्तर देतो. म्हणजे साडेपांच तासांहून अधिक रुंद खिडकी झाली. रात्रीं अकरापासून पहांटे साडेचारपर्यंतचा काळ, किंग्ज सर्कलची सारी रात्रच, तींत मावते.

दुसरी मेणबत्ती प्रेत ताठण्याची. स्नायु आंखडण्याला जसें इंधन लागतें तसें तो सैल सोडण्यालाही लागतें, ही गोष्ट मला फार नवलाची वाटली. इंधन संपलें कीं स्नायु आहे तेथें अडकून बसतो. ताठणें आधीं पापण्या व जबडा येथें जाणवतें, मग मान, हात, पाय असें खालीं उतरतें, आणि ओसरतांनाही त्याच क्रमानें ओसरतें. डॉ. जयसिंग मोदी यांचा न्यायवैद्यकावरील ग्रंथ १९२० सालीं निघाला व सुधारून सुधारून वकील-डॉक्टरांच्या टेबलावर टिकला. त्याचें मोठें महत्त्व हें कीं त्यांनीं आपल्या हवेंतले अनुभव लिहून ठेविले. उत्तर हिंदुस्थानांत हें ताठणें हिंवाळ्यांत २४ ते ४८ तास आणि उन्हाळ्यांत १८ ते ३६ तास राहतें, असें ते सांगतात. एका ऋतूच्या आंतच दुपटीचें अंतर! त्यांतून मरणारा जिवाच्या आकांतानें झगडला असेल किंवा धांवला असेल, तर इंधन आधींच संपलेलें असतें व प्रेत लवकर ताठतें. म्हणजे ज्याचा खून झाला त्याचेंच घड्याळ पुढें पळण्याचा संभव अधिक.

तिसरी खूण रक्ताची. रक्त वाहावयाचें थांबलें कीं जड वस्तूप्रमाणें खालच्या बाजूस उतरतें व तेथें जांभळट डाग दिसूं लागतात. सहा ते बारा तासांत ते पक्के होतात. वेळेपेक्षां या डागांचा उपयोग दुसऱ्याच गोष्टीला होतो. प्रेत पालथें सांपडलें आणि डाग पाठीवर असले, तर मागाहून कोणीं तरी तें हलविलें आहे.

एक-दोन दिवस उलटले कीं या तिन्ही मेणबत्त्या विझतात. मग कुजण्यावरून आणि माश्यांच्या अळ्यांवरून अनुमान करावें लागतें. माशी उजेडांत कांहीं मिनिटांतच येते. रात्रीं ती बहुधा अंडीं घालीत नाहीं. बंद खोलींत तिला वाट सांपडावयास वेळ लागतो. आणि आमच्यासारख्या गांवाला तर एक वेगळीच अडचण आहे, ती पाण्याची. भाईंदरच्या उत्तरेस वसईची खाडी, कडेनें मिठागरें व तिवरें. बर्लिनचे योहान लुडविग कास्पर यांनीं एकोणिसाव्या शतकांत एक नियम सांगितला : उघड्यावर एका आठवड्यांत जितकें कुजतें, तितकें पाण्यांत दोन आठवड्यांत व जमिनींत पुरल्यास आठ आठवड्यांत. परंतु खाडी म्हणजे तळें नव्हे. बुडालेलें प्रेत वर येईपर्यंत कितीदां भरती आली आणि ओहोटी गेली कोण सांगणार? कोठें पडलें आणि केव्हां पडलें, हे दोन्ही प्रश्न एकमेकांच्या पायांत अडकतात. या तीरावर ठाणें जिल्हा, त्या तीरावर पालघर. १ ऑक्टोबर २०२० पासून मीरा-भाईंदर, वसई-विरार असें एकच पोलीस आयुक्तालय झालें, ही त्यांतल्या त्यांत सोय म्हणावयाची. तत्पूर्वीं भरतीला हद्द कळत नव्हती.

पोटांतल्या अन्नाची खूण मीं मुद्दाम मागें ठेवली होती, कारण तिच्यापायीं एक चौदा वर्षांचा मुलगा फांसावर जावयाचा राहिला. ही गोष्ट आपल्याकडची नव्हे, कॅनडांतली आहे. परंतु मृत्यूच्या वेळेवर सारा खटला उभा राहिल्याचें याहून स्वच्छ उदाहरण माझ्या पाहाण्यांत नाहीं.

ऑन्टॅरिओ प्रांतांत क्लिंटन येथें हवाईदलाचा तळ होता. ९ जून १९५९ रोजीं सायंकाळीं सातच्या सुमारास स्टीव्हन ट्रस्कॉट नांवाच्या शाळकरी मुलानें बारा वर्षांच्या एका मुलीला आपल्या सायकलच्या दांडीवर बसवून नेलें. मोठ्या रस्त्यावर आपण तिला उतरविलें व ती एका मोटारींत चढलेली पाहिली, असें तो म्हणाला. आठच्या सुमारास तो परत शाळेच्या पटांगणावर होता. दोन दिवसांनीं मुलीचें प्रेत जवळच्या रानांत सांपडलें. तिनें घरीं पावणेसहाच्या सुमारास जेवण केलें होतें. शवविच्छेदन करणारे डॉ. जॉन पेनिस्टन यांनीं पोटांतलें न पचलेलें अन्न पाहिलें आणि जेवणानंतर दोन तासांच्या आंत मृत्यु झाला, म्हणजे सायंकाळीं पावणेआठच्या आधीं झाला, असें मत दिलें. पावणेआठच्या आधीं मुलगी कोणाबरोबर होती? त्या मुलाबरोबर. झालें! ३० सप्टेंबरला ज्यूरीनें त्याला दोषी ठरविलें आणि न्यायाधीशांनीं फांशीची शिक्षा सांगितली. दिवसही ठरला, ८ डिसेंबर. पुढें तो पुढें ढकलला गेला, आणि जानेवारी १९६० मध्यें शिक्षा जन्मठेपेवर आली.

अन्न पोटांतून केव्हां पुढें सरकेल, हें अन्नाच्या जातीवर, प्रमाणावर आणि मुख्य म्हणजे मनाच्या स्थितीवर अवलंबून असतें. भीतीनें पचन थांबतें, हें परीक्षेच्या दिवसांत कोणत्याही मुलाची आई सांगेल. १९६६ सालीं खुद्द डॉ. पेनिस्टन यांनीं आपलें मत पुन्हां तपासून पाहिलें व पहिल्याइतकी खात्री आपल्याला राहिली नसल्याचें लिहिलें. पण तें आरोपीच्या वकिलांपर्यंत पोंचलें नाहीं. ट्रस्कॉट १९६९ मध्यें पॅरोलवर सुटला. ऑन्टॅरिओच्या अपील न्यायालयानें २८ ऑगस्ट २००७ रोजीं, म्हणजे अठ्ठेचाळीस वर्षांनीं, त्याला निर्दोष ठरविलें. त्या सुनावणींत १९५९ सालीं नोंद केलेल्या माश्यांच्या अळ्यांचाही कीस निघाला, आणि गंमत अशी कीं, त्याच अळ्यांवरून दोन्ही बाजूंच्या तज्ज्ञांनीं निरनिराळ्या वेळा सांगितल्या. त्या मुलीला कोणीं मारलें, हें आजतागायत ठरलेलें नाहीं. एक नेमकी वेळ हातीं आल्यावर मुलानें सांगितलेली ती मोटार पहिल्याच उन्हाळ्यांत कसोशीनें शोधण्याची निकड कोणाला वाटणार?

आपल्या कायद्यानें याबाबतींत निदान कागदावर तरी सावधगिरी ठेविली आहे. डॉक्टरांचें म्हणणें हें 'मत' आहे, डोळ्यांनीं पाहिलेली हकीकत नव्हे. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यांत तें ४५ व्या कलमांत होतें, १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या ३९ व्या कलमांत आहे. आणि माझा विद्यार्थी म्हणतो त्याप्रमाणें शहाणा डॉक्टर आंकडा देतच नाहीं. तो पल्ला देतो. तो पल्ला आवळून आणण्याचें काम दोन खुंटांनीं होतें. एक खुंट, माणूस जिवंत असा शेवटचा कोणीं केव्हां पाहिला. दुसरा, प्रेत कोणाला केव्हां दिसलें. मृत्यु या दोन खुंटांच्या मध्यें कोठें तरी बांधलेला असतो. दुसरा खुंट पोलिसांच्या डायरींत आपोआप ठोकला जातो. पहिला मात्र तुमच्या-माझ्यासारख्यांच्या हातीं असतो.

आतां माझी चूक सांगतों. आमची इमारत चार मजल्यांची, जुनी, लिफ्ट नसलेली. तिसऱ्या मजल्यावर एक वृद्ध गृहस्थ एकटेच राहात. त्यांना सारे तात्या म्हणत. कांहीं वर्षांपूर्वीं ऐन पावसाळ्यांत जिन्यावर वास येऊं लागला. डक्टमध्यें उंदीर मेला असावा असें ठरवून आम्हीं फिनेल ओतविलें. शनिवारीं सकाळीं दार फोडलें तेव्हां तात्या पलंगाशेजारीं पडलेले होते. खिडक्या पावसामुळें लावलेल्या, पंखा फिरत असलेला, कपाटाचा एक खण उघडा. पोलीस आले. मरणोत्तर पंचनाम्यासाठीं त्या भागांतले दोन प्रतिष्ठित रहिवाशी लागतात. प्रतिष्ठित म्हणजे त्या घटकेला घरीं सांपडणारे. मी सांपडलों.

हवालदारांनीं विचारलें, 'मास्तर, यांना शेवटचें कधीं पाहिलें?' मीं तात्काळ सांगितलें, 'गुरुवारीं सायंकाळीं. जिन्यांत. हातांत दुधाची पिशवी होती.' त्यांनीं लिहून घेतलें. वर्गांत हजेरी घेतल्यासारखा माझा स्वर होता. नंतर आलेल्या डॉक्टरांनीं मात्र 'तीन-चार दिवस झाले असावेत, याहून नेमकें सांगतां येत नाहीं' असें म्हटलें. मला तें ऐकून त्यांची कींव आली. गुरुवार संध्याकाळ ते शनिवार सकाळ, यांत तीन-चार दिवस कसे बसावे? हवालदारांनीं दाराच्या आंत पडलेलीं वर्तमानपत्रें मोजलीं. बुधवार, गुरुवार, शुक्रवार, शनिवार. चारही घडी न मोडलेलीं. मंगळवारचें तेवढें टेबलावर होतें, आणि त्यावर चष्मा. त्यांनीं माझ्याकडे पाहिलें. मी म्हणालों, 'वाचलें नसेल.' श्रोतेहो, हें मी म्हणालों. ज्या माणसाला रोज सकाळीं पेपर दोन मिनिटें उशिरां आला तर पोरावर ओरडतांना मीं दहा वर्षें ऐकलें होतें, त्याच्याविषयीं.

तात्यांचा एक पुतण्या वसईला होता. तो म्हणत होता, 'मी बुधवारीं दुपारीं आलों होतों, पुष्कळ वेळ घंटा वाजविली, दार उघडलें नाहीं, निजले असतील म्हणून परत गेलों.' खोलीवरून त्या दोघांचें कांहीं बोलणें झालेलें होतें, तें शेजाऱ्यांना ठाऊक होतें. आतां माझ्या जबाबाप्रमाणें तात्या गुरुवारीं दूध घेऊन जिना चढत होते. मग बुधवारीं दार कां उघडलें नाहीं? पुतण्या खोटें बोलत असला पाहिजे. आणि खोटें बोलण्याचें कारण तो उघडा खण. त्याला चौकशीसाठीं बसवून ठेविलें.

त्या रात्रीं मला झोंप लागली नाहीं. जिना डोळ्यांपुढें येत होता, पिशवी येत होती, आणि तात्यांचा आवाज येत होता : 'उद्यां अंगारकी, मास्तर. पहांटेच रांग लावली पाहिजे.' मी उठून बसलों. अंगारकी! मंगळवाराखेरीज ती येत नाहीं. भिंतीवरचें कालनिर्णय पाहिलें. त्याच आठवड्यांतला मंगळवार. म्हणजे मीं त्यांना पाहिलें तें सोमवारीं. मग गुरुवार माझ्या तोंडीं आला कोठून? दर गुरुवारीं सायंकाळीं मी दत्ताच्या देवळांत जातों; जिना उतरतांना भेट झाली, म्हणजे गुरुवार असणार. तें स्मरण नव्हतेंच. तें अनुमान होतें, आणि मीं तें डोळ्यांनीं पाहिलेल्या गोष्टीच्या भावानें विकलें होतें. पेनिस्टन साहेबांना मीं पुढें जेव्हां वाचलें तेव्हां मला त्यांचा राग आला नाहीं, तो यामुळेंच.

सकाळीं उठून चौकी गांठली. पुतण्या बांकावर बसलेला होता. मला पाहून तो उभा राहिला. त्याच्या लेखीं मी काकांच्या इमारतींतला वडीलधारा माणूस. 'मास्तर, मी खरेंच बुधवारीं आलों होतों हो,' एवढेंच तो म्हणाला. मीं नवा जबाब लिहून दिला. हवालदार तो वाचून म्हणाले, 'पोरांचे पेपरही असेच दुसऱ्या दिवशीं तपासून देत होतां काय?' मीं खालीं मान घातली. शवविच्छेदनांत हृदयाचा विकार निघाला. कोणीं मारलेलें नव्हतें. मंगळवारचा पेपर वाचून चष्मा काढून ठेवल्यानंतर आणि बुधवारचा पेपर दाराखालून सरकण्यापूर्वीं तात्या गेले होते. डॉक्टरांचा तो सैल, अघळपघळ पल्ला खरा होता. माझी नेमकी वेळ खोटी होती.

आमच्या गांवाची वाढ आपणांस ठाऊक आहे. २००१ च्या खानेसुमारींत मीरा-भाईंदरची वस्ती सव्वापांच लाखांच्या आंत होती. २०११ मध्यें ती आठ लाखांवर गेली. एका जिन्यावर चार भाषा, चार ठिकाणांहून आलेलीं बिऱ्हाडें, आणि सकाळीं सहाच्या गाडीला गेलेलीं माणसें रात्रीं दहाला परतणारीं. जून २०२३ मध्यें मीरा रोडच्या एका इमारतींतला जो प्रकार साऱ्या देशानें वाचला, त्याचें वर्णन मी करणार नाहीं. तो खटला न्यायालयापुढें गेला. एवढेंच सांगतों कीं ७ जूनला शेजाऱ्यांनीं दुर्गंधीची तक्रार केली तेव्हां त्या बाईला मरून दिवस लोटले होते. भिंतीपलीकडच्या माणसांना कळलें तें नाकानें. तसें पाहिलें तर आतां जिन्यावर कॅमेरे आहेत, खिशांत फोन आहे आणि शेवटचा फोन कितीला केला याची नोंद कंपनीकडे राहते. माझा विद्यार्थी म्हणतो, 'सर, हल्लीं पहिला खुंट फोनच ठोकतो.' असेल. पण फोन कोणाच्या हातांत होता, हें फोन सांगत नाहीं. आणि तात्यांपाशीं तर फोन नव्हताच.

किंग्ज सर्कलच्या त्या माणसांपाशीं तर दारही नव्हतें. मला आतां त्या खुनांचा उलगडा कां झाला नाहीं, याचें एक कारण दिसतें. तें एकच कारण होतें असें नव्हे. ते एकटेच निजत. त्यांपैकीं बहुतेकांची ओळख पटविण्यासही कोणी पुढें आलें नाहीं, मग 'शेवटचें केव्हां पाहिलें' हें विचारावयाचें कोणाला? पेपर टाकणारा पोरगा नाहीं, दुधाची पिशवी नाहीं, बुधवारीं घंटा वाजविणारा पुतण्या नाहीं. डॉक्टरांच्या साडेपांच तासांच्या खिडकीला आवळून धरणारें कांहींच नव्हतें. मारेकऱ्याला सारी रात्र मोकळी मिळाली.

त्या वेळीं सायन स्टेशनकडे जातांना वाटेवर एक चांभार बसे. माझ्या चपलेचा अंगठा त्यानें दोनदां शिवून दिला होता. रात्रीं तो तेथेंच, पेटीला डोकें टेकून निजत असे. मधें केव्हां तरी ती जागा रिकामी दिसूं लागली. तो त्या बारांपैकीं होता असें मी म्हणत नाहीं. बहुधा आपल्या मुलखाला गेला असेल, पुष्कळ जण त्या भीतीनें गेले. परंतु त्या दिवसांत कोणी हवालदार माझ्यापाशीं येऊन विचारता, 'मास्तर, हा येथें शेवटचा केव्हां होता?', तर रोज सकाळ-सायंकाळ दोन वेळां त्याच्यावरून जाणाऱ्या मला वार सोडाच, महिनाही सांगतां आला नसता.